एकशेवीस-ऐंशीचा हिशेब

४ सप्टेंबर २०२२ हा रविवार होता. त्या दुपारी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, चारोटीजवळच्या सूर्या नदीच्या पुलावर एक मोटार कठड्याला धडकली आणि उद्योगपती सायरस मिस्त्री त्या अपघातात गेले. त्यांना नेण्यात आले ते कासा येथील सरकारी रुग्णालयात. दुसऱ्या दिवशी देशभरच्या वर्तमानपत्रांत कासा हे नाव छापून आले. ज्यांनी ते त्या दिवशी नकाशावर शोधले, त्यांतल्या बहुतेकांना पुन्हा शोधण्याची गरज पडली नसेल.

चारोटी नाक्यावरून जव्हारच्या दिशेने वळले की थोड्याच अंतरावर कासा लागते. डहाणू तालुक्यातले, आठवडी बाजाराचे, पोलीस ठाण्याचे आणि उपजिल्हा रुग्णालयाचे हे गाव. जवळच विवळवेढ्याची महालक्ष्मी. चैत्रात तिची जत्रा भरते तेव्हा वारली, कोकणा, मल्हार कोळी अशा साऱ्या समाजांची माणसे या रस्त्याने लोटतात. पूर्वी हा मुलूख ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आला. इथल्या रुग्णालयाकडे रुग्ण ढोबळमानाने दोन वाटांनी येतात. एक वाट महामार्गाची. तिथून येणाऱ्याच्या शरीरातले रक्त बाहेर वाहून चाललेले असते. दुसरी वाट पाड्यांची. तिथून जीपमध्ये दाटीने बसून येणाऱ्या बाईचे पाय सुजलेले असतात, तिला धाप लागलेली असते. तिच्या शरीरात रक्त आहे तेवढेही नीट पुढे सरकत नसते. आणि दोघांच्याही अंगाला पहिला हात लागतो तो बहुधा सिस्टरचा. डॉक्टर नंतर येतात. कधी लगेच, कधी बऱ्याच वेळाने.

त्या हाताबद्दल आज लिहायचे आहे, आणि त्या हाताने भरल्या जाणाऱ्या तक्त्याबद्दलही.

आयुष्याची तीसेक वर्षे बँकेत गेल्यामुळे आकडा दिसला की तो आला कुठून, असे विचारायची एक वाईट खोड मला लागलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझे एक मेहुणे रुग्णालयात होते. गाव कोणते, रुग्णालय कोणते ते सांगत नाही. ते कासा नव्हते एवढे पुरे. तीन रात्री मी त्यांच्या उशाशी बसलो. खाटेच्या पायथ्याशी टी.पी.आर.चा कागद अडकवलेला होता. ताप, नाडी, श्वास आणि ब्लडप्रेशर, दर चार तासांनी. झोप येईना म्हणून मी तो वाचला. मग शेजारच्या खाटेचा वाचला. मग उठून सगळ्या ओळीचे वाचून काढले. बारा खाटा होत्या. बाराही जणांचे ब्लडप्रेशर १२०/८०. नाडी ७८, एखाद्याची ८०. श्वास २०. एकजण हर्नियाच्या शस्त्रक्रियेनंतरचा, एकजण न्यूमोनियाचा, एक म्हातारे काविळीचे. पण रक्ताभिसरणाच्या बाबतीत सगळे जुळे भाऊ. बँकेत ज्या शाखेची वर्षभर एकही तफावत निघत नाही, तिच्याकडे इन्स्पेक्टर आधी जातो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मेहुणे अंथरुणातून उठून बसले. पडून राहिले की गुदमरायला होते म्हणाले. कागदावर सहाची नोंद झालेली होती, नाडी ७८. मी सिस्टरना बोलावून आणले. चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी. “काका, जरा बाजूला होता का,” म्हणाली, आणि तिने त्यांचे मनगट धरले. दुसऱ्या हातावरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर नजर ठेवून ती पूर्ण एक मिनिट उभी राहिली. मग स्टेथोस्कोप छातीवर ठेवून पुन्हा एक मिनिट. मनगटावर ९६ ठोके, छातीवर १२४. म्हणजे हृदय जेवढे ठोके मारीत होते त्यांतले अठ्ठावीस मनगटापर्यंत पोचतच नव्हते. तिने घोट्याच्या वर अंगठ्याने दाबून पाहिले, मानेची शीर पाहिली, ऑक्सिजन लावला आणि डॉक्टरांना उठवायला गेली. मेहुणे त्यानंतर तीन वर्षे जगले.

दोन दिवसांनी, ते सावरल्यावर, मी तिला विचारले की सहाचा तो ७८ कुठून आला होता. ती रागावली नाही, ओशाळलीही नाही. “काका, अडतीस पेशंट आहेत आणि रात्री मी एकटी असते,” एवढेच म्हणाली.

घरी येऊन मी सवयीने हिशेब मांडला. नाडी व श्वास नीट मोजायचे, ब्लडप्रेशर घ्यायचे, ताप पाहायचा, लिहून ठेवायचे आणि पुढच्या खाटेकडे जायचे, याला माणशी पाच मिनिटे धरली तरी ती कमीच आहेत. अडतीस गुणिले पाच म्हणजे एकशेनव्वद मिनिटे. चार तासांनी एक फेरी म्हटले तर बारा तासांच्या रात्रपाळीत तीन फेऱ्या, म्हणजे साडेनऊ तास. उरलेल्या अडीच तासांत तिने इंजेक्शने द्यायची, सलाइन बदलायची, नवे पेशंट दाखल करायचे, औषधांची मागणीपत्रे भरायची, नातेवाइकांची भांडणे सोडवायची आणि जमले तर डबा खायचा. भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक आणि शिकवणीच्या रुग्णालयात तिनांमागे एक परिचारिका असे आहे. ते कागदावर आहे. जिथे मोजायला वेळच मंजूर केलेला नाही, पण रकाना भरणे मात्र सक्तीचे आहे, तिथे आकडा मनगटातून येणार नाही. तो आठवणीतून येणार. १२०/८० ही त्या आठवणीतली सर्वांत सोयीची संख्या आहे.

त्या मुलीला दोष देण्याचा अधिकार मला नाही, याचे आणखी एक कारण आहे. १९८०च्या दशकात एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमाखाली बँकांनी खेडोपाडी म्हशी वाटल्या. मार्चअखेर आला की अधिकाऱ्याने दाखला द्यायचा असे: म्हैस जागेवर आहे, कानात विम्याचा बिल्ला आहे, दूध देते. शाखेत अधिकारी दोन, मोटारसायकल एक, म्हशी दोनशेच्या वर. मी स्वतः पाहिलेल्या म्हशी फार तर चाळीस असतील. सह्या मात्र सगळ्यांवर आहेत. त्यांतल्या कित्येक म्हशी कधीच्या विकल्या वा मेल्या असतील, आणि वर दिल्लीपर्यंत माझ्या सहीने त्या दूध देत राहिल्या. फरक एवढाच की माझ्या खोट्या आकड्याने सरकारी पैसा बुडाला. वॉर्डातल्या खोट्या आकड्याने माणूस बुडतो, आणि कसा बुडतो ते जरा तपशिलात पाहण्यासारखे आहे.

महामार्गावरून आलेला जखमी घ्या. सर्वसाधारण समजूत अशी की रक्त गेले की ब्लडप्रेशर पडते. पडते, पण सर्वांत शेवटी. शरीर फार हिकमती असते. एकूण रक्तापैकी सातवा हिस्सा गेला तरी वरकरणी काही कळत नाही. त्याहून अधिक गेले की नाडी शंभराच्या वर जाते, हातपाय गार पडू लागतात, नख दाबून सोडले तर त्याचा रंग दोन सेकंदांत परत यायचा तो रेंगाळतो. माणूस उगाच अस्वस्थ होतो, पाणी मागतो. ब्लडप्रेशर या वेळीही जवळपास ठीक दिसते, कारण शरीराने लहान रक्तवाहिन्या आवळून दाब टिकवून धरलेला असतो. तीस टक्क्यांच्या आसपास रक्त गेले की हा डोलारा कोसळतो, आणि मग हातात वेळ फार थोडा राहतो. तेव्हा ब्लडप्रेशरच्या आकड्याची वाट पाहत बसणारी पद्धत ही अपघात झाल्यावर भोंगा वाजवणारी पद्धत आहे. ज्या सिस्टरने कपाळावर आणि पावलावर हात ठेवून दोन्हींच्या उष्णतेतला फरक ओळखला, तिला तो भोंगा अर्धा तास आधी ऐकू येतो.

पाड्यावरून प्रसूतीसाठी आलेल्या बाईच्या बाबतीत हे आणखी निकडीचे. तिचे वजन चाळीस किलो. एरवी तिच्या अंगात जेमतेम पावणेतीन लिटर रक्त असते. गरोदरपणात ते वाढते, पण त्यातले हिमोग्लोबिन आधीच कमी. आठ-नऊशे मिलिलिटर गेले की ती कड्याच्या टोकावर उभी. एवढे रक्त एका तांब्यात मावते आणि चादरीत तर दिसतही नाही. प्रसूतिशास्त्रात यासाठी एक सोपा भागाकार वापरतात, तो मला बँकेतल्या गुणोत्तरांसारखा वाटतो. नाडीच्या आकड्याला ब्लडप्रेशरच्या वरच्या आकड्याने भागायचे. उत्तर ०.९ वर गेले की सावध व्हायचे. नाडी १०८ आणि वरचे प्रेशर ११० असेल तर ०.९८, दोन्ही आकडे सुटे सुटे पाहिले तर कुणी दचकणार नाही, पण भागाकार ओरडून सांगतो. आता तिथे सवयीने ७८ आणि १२० लिहिले असेल तर? उत्तर येते ०.६५. बाई अगदी ठणठणीत.

डोळ्यांचा अंदाज किती फसवा असतो हे आपल्या मराठी मुलखाच्या सीमेवर, बेळगावात, फार चांगल्या रीतीने दाखवले गेले. तिथल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर प्लॅस्टिकची एक साधी पिशवी तयार केली. प्रसूतीनंतर बाईखाली पसरायची, खाली निमुळती, तिच्यावर मापाच्या रेघा. नजरेने केलेला अंदाज आणि पिशवीतले माप ताडून पाहिले, तेव्हा नजर रक्तस्राव जवळजवळ एक तृतीयांशाने कमी सांगते असे निघाले. याच जिल्ह्यात खेड्यांतल्या ए.एन.एम. नर्सांनी १६२० स्त्रियांवर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांची चाचणी पार पाडली. ती ‘लॅन्सेट’मध्ये २००६ साली छापून आली, प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. तशाच मापाच्या पिशव्या पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ऐंशी रुग्णालयांच्या चाचणीत वापरल्या गेल्या. रक्त मोजायचे, आणि ठरलेली रेघ ओलांडली की ठरलेले सगळे उपचार एकदमच सुरू करायचे, कुणाची वाट पाहायची नाही. २०२३ साली निष्कर्ष आले: गंभीर परिणाम साठ टक्क्यांनी घटले. नवे औषध एकही नव्हते. बदल होता तो मोजण्यात, आणि मोजणारीला हात चालवायची मुभा देण्यात.

आता दुसरी वाट, हळूहळू थकत जाणाऱ्या हृदयाची. आश्रमशाळेतल्या मुलीचा घसा दुखतो, ताप येतो, जातो. मग गुडघे, घोटे धरतात, तेही जाते. रुमॅटिक फीव्हरची ही चाल आहे. सांध्यांना तो चाटून जातो आणि हृदयाच्या झडपेला चावतो. झडप वर्षानुवर्षे आखडत जाते, मुलीला कळत नाही. लग्न होते, दिवस जातात. गरोदरपणात रक्ताचे आकारमान चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढते आणि सातव्या-आठव्या महिन्यात अरुंद झडपेतून ते सगळे जाईना होते. धाप लागते. सगळे म्हणतात रक्त कमी आहे, म्हणून. तेही खोटे नसते, इथे बहुतेकींचे रक्त कमीच असते, आणि नेमका तिथेच घात होतो. फिक्या बाईला रक्त चढवायला घेतात. ते भराभर चढवले तर थकलेल्या हृदयाला झेपत नाही, फुप्फुसांत पाणी भरते आणि उपचारच तिला संपवतो. हे टाळायचा मार्ग महागडा नाही. विश्रांतीत असताना नाडी पूर्ण मिनिट मोजायची. ती अनियमित आहे का पाहायचे. बाटली लावल्यावर पहिली पंधरा मिनिटे शेजारी उभे राहायचे. श्वास मोजत राहायचे. मुलगी असतानाच रोग कळला तर दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे एक इंजेक्शन, तेही वर्षानुवर्षे. यादी ठेवून, न आलेल्या मुलीला निरोप धाडून हे चालू ठेवते ती कोण, हे सांगायला नकोच. मुंबईत के.ई.एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये आशियातले पहिले हृदयरोपण केले. ते के.ई.एम. चारोटीपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे, आणि या एकवीस दिवसांच्या इंजेक्शनाची गरज अजून संपलेली नाही.

याच पट्ट्यातल्या आदिवासींत सिकलसेलही आढळतो. इथे एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. विळ्याच्या आकाराच्या या पेशींचे पहिले शास्त्रीय वर्णन १९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी लिहिले, आणि हृदयाच्या धमनीत गुठळी झाली तरी माणूस लगेच मरतोच असे नाही, जिवंत रुग्णात हा झटका ओळखता येतो, हे १९१२ साली मांडले तेही याच हेरिकनी. दोन्ही शोध रुग्णाकडे बारकाईने पाहण्यातून निघाले.

बारकाईने पाहायचे म्हणजे पुस्तकातले प्रश्नही जागेवर आणून विचारावे लागतात. किती जिने चढल्यावर दम लागतो, असे पुस्तकात असते. पाड्यावर जिना कुठला? झोपताना किती उशा लागतात, असेही असते. उशी कुठली? जाणती सिस्टर विचारते, पाण्याचा हंडा घेऊन चढ चढताना मध्येच टेकतेस का? मागच्या वर्षी एवढी टेकत होतीस का? लावणीला गेली होतीस की यंदा घरीच राहिलीस? रात्री उठून बसतेस का? या चार प्रश्नांत हृदयाची निम्मी परीक्षा होते. सावळ्या अंगावर निळेपणा दिसत नाही, म्हणून ती ओठाच्या आतली बाजू, जीभ, तळहात पाहते. बोटाला लावायच्या ऑक्सिजनच्या चिमट्यावरही तिला पुरते विसंबता येत नाही. काळ्या त्वचेच्या रुग्णांत तो चिमटा खरी कमतरता लपवून ठेवतो, आणि गोऱ्यांच्या तुलनेत असे जवळजवळ तिप्पट वेळा घडते, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०२० साली दाखवून दिले. ब्लडप्रेशरच्या पट्ट्याचेही तेच. मोठ्यांचा पट्टा बारीक दंडाला गुंडाळला तर आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. इथले दंड बारीक. गरोदरपणातला वाढता दाब अशाने सहज निसटतो. विजेवर चालणारी यंत्रे ठोका अनियमित असला की गोंधळतात. सगळीकडून फिरून गोष्ट येते ती तीन बोटांवर आणि सेकंदकाट्यावर.

ही बोटे काय करू शकतात याचे आपल्याच कोकणपट्टीतले मोठे उदाहरण महाडचे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. लाल विंचू चावलेले शेकडा चाळीसच्या आसपास लोक तेव्हा मरत. विंचवाने माणूस मरतो ते विषाने, एवढेच सगळ्यांना ठाऊक. बावस्कर रात्र रात्र खाटेशी बसले, नाडी मोजली, प्रेशर मोजले, हातापायांचा गारपणा नोंदवला, आणि हे मरण हृदयाचे आहे हे त्यांनी ओळखले: आधी दाब भडकतो, मग हृदय हरते, फुप्फुसांत पाणी होते. ब्लडप्रेशरसाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही स्वस्त गोळी त्यांनी यावर लावली. १९८६ साली ‘लॅन्सेट’ने ते प्रसिद्ध केले. मृत्यूचे प्रमाण पुढे एक टक्क्यापर्यंत उतरले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण गोळी दिली आणि घरी पाठवले असे ते नाही. रुग्णाला आडवे ठेवायचे, अर्ध्या-अर्ध्या तासाने नाडी, प्रेशर, श्वास पाहत राहायचे. गार पडलेले पाय ऊबदार झाले की तो सुटला. त्या पद्धतीतला गोळीचा भाग कुठेही पोचवता येतो. अर्ध्या तासाने परत येणारी माणसे पोचवणे अवघड, कारण त्यांना पगार द्यावा लागतो.

इथे गाडे अडते. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांनी, त्यांत परिचारिका आल्याच, २०२३च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सेवेत कायम करावे म्हणून महाराष्ट्रभर संप केला. त्या वेळी रुग्णांचे हाल झाल्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले, आणि हाल झालेही. पण संप नसलेल्या रात्री अडतिसांमागे एक असते तेव्हाच्या हालांची बातमी होत नाही, कारण तक्ते व्यवस्थित भरलेले असतात.

पालघरच्या जिल्हा नियोजन समितीपुढे आरोग्याच्या मागण्या येतात त्यांत इमारत असते, सोनोग्राफी असते, रुग्णवाहिका असते. सगळे हवेच आहे. छातीत दुखणाऱ्याचा ई.सी.जी. दहा मिनिटांत निघाला पाहिजे आणि १०८ची गाडी घोडबंदरच्या कोंडीत अडकता कामा नये. तरीही मी त्या समितीवर असतो तर आधी दोन-तीन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी मागितल्या असत्या. रात्रपाळीला वॉर्डात दुसरी परिचारिका. बारीक दंडाचे आणि मुलांचे ब्लडप्रेशरचे पट्टे, प्रत्येक वॉर्डात. प्रसूतिगृहात मापाच्या पिशव्या. नाडी आणि प्रेशरचा भागाकार ठरावीक रेघेच्या वर गेला तर डॉक्टर येईपर्यंत काय सुरू करायचे याचा लेखी आदेश, म्हणजे तिला कुणाच्या फोनची वाट पाहत थांबावे लागणार नाही. आणि तक्त्यात एक नवा शेरा अधिकृतपणे मान्य व्हावा: ‘मोजता आले नाही.’ आज तो लिहिला तर कारणे दाखवा नोटीस येते, म्हणून कुणी लिहीत नाही. तो लिहायची मुभा दिली तर पहिल्याच महिन्यात कोणत्या वॉर्डात, कोणत्या पाळीला, किती माणसे न मोजता राहिली याचा खरा आकडा जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर येईल. बँकेत आम्हालाही ‘म्हैस पाहिली नाही’ असे लिहायची सोय नव्हती.